लाकडाच्या चिप्स आधी रसायनात मुरवाव्यात का?

धरमपेठकर
परवा एका स्नेह्यांनी ‘कागदाचा लगदा करताना चिप्स रसायनात मुरवणे म्हणजे खर्चावर खर्च’ असे ठासून सांगितले, म्हणून हा धागा. लाकडात साधारण २० ते ३० टक्के लिग्निन असते आणि तेच तंतूंना जखडून ठेवते. चिप्स नुसत्याच रिफायनरमध्ये, म्हणजे भरडण्याच्या यंत्रात, भरडल्या तर तंतू तुटतात. त्या आधी सोडियम सल्फाइटमध्ये मुरवून वाफवल्या तर लिग्निन मऊ पडते, तंतू लांब सुटतात आणि तरीही बहुतेक लाकूड लगद्यात उतरते. क्राफ्ट पद्धतीत, म्हणजे चिप्स कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवतात तिथे, निम्मे लाकूड विरघळून जाते. एवढे जंगल आपल्याकडे उरले आहे का?

काटोल रोड
विरघळते, पण वाया जात नाही. क्राफ्टमधला ब्लॅक लिकर, म्हणजे शिजवल्यावर उरलेला काळा द्रव, आटवून बॉयलरमध्ये जाळतात; त्यातून वाफ मिळते आणि कॉस्टिकही परत तयार करता येते. तुमच्या सल्फाइटच्या पद्धतीत जे थोडे विरघळते ते भरपूर पाण्यात पसरलेले असते, ते आटवणे महाग पडते आणि भार सांडपाण्यावर जातो. विदर्भातल्या नद्या मे महिन्यात किती वाहतात, हे मी सांगायला नको. शिवाय रिफायनरला वीज लागायची ती लागतेच.

इतवारीतला छापखाना
लिग्निन शिल्लक राहिलेला कागद आम्ही रोज हाताळतो. दुकानाच्या काचेशी ठेवलेले वर्तमानपत्र नागपूरच्या उन्हात काही दिवसांतच पिवळे पडते. पुठ्ठ्याच्या आतल्या थराला तो लगदा चालेल. वहीला आणि पुस्तकाला नको.

धरमपेठकर
पिवळेपणाचा मुद्दा मान्य. पण मग सगळे ‘मुरवणे’ मोडीत काढायचे का?

काटोल रोड
नाही, पण एकाच नावाखाली भलत्याच गोष्टी येतात. सौम्य आम्लाने किंवा गरम पाण्याने हेमिसेल्युलोज (लाकडातला सेल्युलोजसोबतचा, सहज सुटणारा घटक) आधीच काढून टाकणे व्हिस्कोसच्या, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या, लगद्याला हवेच असते. लिहिण्याच्या कागदात मात्र तेच हेमिसेल्युलोज तंतूंना एकमेकांना धरायला मदत करते, ते गेले की कागद कमकुवत होतो. रसायनाआधीची साधी वाफ मला सर्वांत पटते. निलगिरीची वाळलेली चिप पाण्यावर तरंगते, कारण आत हवा असते. ती चांगली उकळून लगेच थंड पाण्यात टाकली की हळूहळू तळाला जाते. आतली हवा निघाल्याशिवाय कॉस्टिक चिपच्या गाभ्यापर्यंत पोहोचत नाही आणि डायजेस्टरमधून, म्हणजे चिप्स शिजवण्याच्या टाकीतून, कच्च्या गाठी निघतात. हा प्रयोग घरच्या पातेल्यात करून पाहावा, पातेले मात्र जुने घ्यावे.

धरमपेठकर
आणि गडचिरोलीचा बांबू? त्यातली सिलिका अल्कलीत विरघळून ब्लॅक लिकरमध्ये उतरते आणि तो आटवताना नळ्यांना थर धरते. आपला बॉयलरचा हिशेब तिथे इतका सरळ उरत नाही.

काटोल रोड
तो मात्र उरत नाही, हे खरे.