‘जुन्या वळणाचं हॉटेल’ की आणखी काही?

प्रश्न : नाशिकच्या प्रवासावर लेख लिहितो आहे. रविवार कारंजाजवळ एका हॉटेलात मिसळ खाल्ली. शहाबादी फरशी, संगमरवरी टेबलं, भिंतीवर देवांच्या तसबिरी, गल्ल्यावर स्वतः मालक. अमेरिकेत राहणारा मित्र सोबत होता. तो म्हणाला, ‘अगदी नॉस्टॅल्जिक! ओल्ड फॅशन्ड डायनर!’ मला मराठी शब्द हवा आहे. ‘स्मरणरम्य भोजनगृह’ लिहून पाहिलं, पण ते जिभेवर बसेना. ‘जुनाट हॉटेल’ म्हटलं तर मालकाला वाईट वाटायचं. काय लिहावं?

उत्तर : ‘भोजनगृह’ आधी खोडा. नाशिकचा माणूस मिसळ खायला हॉटेलात जातो. राहायला लॉज आणि खायला हॉटेल, ही वाटणी आपल्याकडे कधीच पक्की झाली आहे. पत्र्याच्या शेडमध्ये चहा-भजी मिळत असली तरी ते हॉटेलच. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे म्हणून मराठीत बिचकण्याचं कारण नाही.

डायनरची गोष्ट निराळी आहे. १८७२ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस घोडागाडीतून रात्री खाणं विकू लागला, आणि तिथून त्या प्रकाराची सुरुवात मानतात. पुढे रेल्वेच्या डब्यासारखी लांबट हॉटेलं कारखान्यात तयार होऊन जागेवर आणून ठेवली जाऊ लागली. आत लांब काउंटर आणि त्यापुढे उंच स्टुलं. तुमच्या मित्राला आठवण झाली ती त्या वातावरणाची. त्याच्या तोंडी ‘डायनर’ तसाच राहू द्या, तो त्याचा शब्द आहे.

आता ‘जुनाट’. जुनाट खोकला, जुनाट दुखणं. चिवट, लवकर न हटणाऱ्या गोष्टीला आपण हे विशेषण लावतो. मालकाला वाईट वाटेल हे तुम्ही बरोबर ओळखलंत.

राहिले ‘जुन्या धाटणीचं’ आणि ‘जुन्या वळणाचं’. हे दोन्ही एकच समजून लिहिले जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. धाटणी म्हणजे घडण, बाहेरून दिसणारं रूप. हायवेवर नवीन हॉटेल बांधून आत कंदील टांगले, पितळेची भांडी मांडली, की ते जुन्या धाटणीचं झालं. वळण मात्र लागावं लागतं. अक्षराला वळण असतं, मुलांना वळण लावतात, मुलगा बापाच्या वळणावर जातो. त्यात वर्षांची सवय आहे.

तुम्ही खाल्लीत तिथलंच बघा ना. रस्सा संपत आला की न मागता वेटर भांडं घेऊन हजर होतो का? उठताना तो लांबूनच गल्ल्याकडे ओरडतो का, ‘पांढरा शर्ट, दोन मिसळ, पाव जास्त, दोन चहा!’, आणि तुम्ही पोचेपर्यंत मालकाच्या ओठांवर आकडा तयार असतो का? असं असेल तर ते जुन्या वळणाचं हॉटेल. उद्या शहाबादी काढून चकचकीत टाइल्स बसवल्या तरी ते जुन्या वळणाचंच राहील.

दुसरे एक वाचक : मग ‘खाणावळ’ का नको? किती छान जुना शब्द आहे.

उत्तर : छान आहे, पण इथे चुकीचा ठरेल. दळणावळ, धुणावळ, घडणावळ हे शब्द आठवून बघा. दळण्याचे, धुण्याचे, दागिना घडवण्याचे द्यायचे पैसे. ‘खाणावळ’ याच कुळातला. पैसे देऊन पोटभर जेवायचं, तेही बहुधा महिन्याच्या बोलीवर. शिकायला किंवा नोकरीला आलेला मुलगा खाणावळ ‘लावतो’. हॉटेल कुणी लावत नाही. भाजी-पोळी, वरण-भात आणि ठरलेली वेळ, ही खाणावळ. सकाळी आठला मिसळ आणि चहा मिळतो ते हॉटेल. आणि शेजारचाच शब्द पाहा, ‘जेवणावळ’. प्रत्यय तोच, पण तिथे पंगत बसते आणि पानावरच्या माणसाकडून कुणी पैसे घेत नाही. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

मूळ प्रश्नकर्ते : ‘जुन्या वळणाचं हॉटेल’ पक्कं केलं. पण ‘नॉस्टॅल्जिक’ राहिलंच. आणि पाटीवर ‘उपहारगृह’ लिहिलंय, ते तसंच ठेवू?

उत्तर : ‘नॉस्टॅल्जिक’साठी दोन घडवलेले शब्द लेखनात रुळले आहेत. ‘स्मरणरंजन’मध्ये आठवणीचं सुख आहे, ‘गतकातरता’मध्ये हुरहूर. पण यांपैकी एकही हॉटेलला विशेषण म्हणून चिकटवू नका. हॉटेलात मिसळ असते, आठवण तुम्हाला येते. तेव्हा सरळ लिहा : ‘तिथे बसलो आणि आजोबांबरोबर पंचवटीत यायचो ते दिवस आठवले.’ अर्थात तुम्हाला जे आठवलं असेल ते.

पाटीचं म्हणाल तर मूळ शब्द ‘उपाहारगृह’, उप अधिक आहार, म्हणजे हलकं खाणं. ‘उपहार’ म्हणजे भेट. गावोगावच्या पाट्यांवर ‘पा’चा काना हरवलेला दिसतो. लेखात पाटीचा फोटो देणार असाल तर पाटी आहे तशी असू द्या आणि खालच्या ओळीत तुम्ही ‘उपाहारगृह’ असं लिहा.