मदत हवी आहे: मुलाच्या ऑटिझमसाठी 'नव्या औषधाची ट्रायल', खरी कशी ओळखायची?

नमस्कार. आम्ही नाशिकचे, इंदिरानगरला राहतो. मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझम आहे. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे. शब्द मोजकेच, काही हवं असलं की हात धरून नेतो.

2025 च्या सप्टेंबरात अमेरिकेतून ऑटिझमसाठी ल्युकोव्होरिन या औषधाची बातमी आली आणि आमचा फॅमिली ग्रुप पेटला. भाऊजींनी मेडिकलमधून गोळ्या आणूनच ठेवल्या. डॉक्टर म्हणाले, हे फोलिनिक ॲसिड. मेथोट्रेक्सेट या कॅन्सरच्या औषधाचा त्रास कमी करायला कॅन्सरवाले कधीपासून वापरतात. ज्या मुलांच्या मेंदूपर्यंत फोलेट नीट पोचत नाही त्यांच्यासाठी विचार होतो, पण ऑटिझममधले अभ्यास अजून लहान आहेत. गोळ्या कपाटात पडून आहेत.

आता एका सेंटरचे (नाव लिहीत नाही) सारखे फोन: "स्टेम सेलची (मूळ पेशींची) ट्रायल आहे, सीट थोड्याच, पॅकेज लाखांत, ईएमआय करून देऊ." सासूबाई म्हणतात, सिन्नरची जमीन विकू, पण पोराला बोलतं करू. त्यांना काय सांगू? कुणी खऱ्या ट्रायलमध्ये मूल घातलंय का?

शिवाय तो हाताला चावून घेतो, म्हणून डॉक्टरांनी रिस्पेरिडोन हे चिडचिड कमी करायचं औषध सुचवलंय. त्याचं वेगळंच टेन्शन.

प्रतिसाद (नाशिकरोडचा बाबा):
ताई, ट्रायलमध्ये औषधाचे पैसे घेत नाहीत. पॅकेज म्हटलं की विषय संपला. त्यांना सीटीआरआय (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे आणि साइटवर कुणालाही बघता येते. एथिक्स कमिटी (ट्रायल तपासून परवानगी देणारी समिती) कुठली आणि मराठीतलं संमतीपत्र कुठे, तेही विचारा. ऑटिझमला स्टेम सेल देऊ नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच सांगितलंय.

सासूबाईंना सिक्रेटिनची (पचनाशी संबंधित एक हार्मोन) गोष्ट सांगा. ऑटिझमवरचं औषध म्हणून त्याचाही असाच गाजावाजा झाला होता. 1999 मध्ये 56 मुलांवर तपासलं, तर नुसतं सलाइन टोचलेली मुलंही तेवढीच 'सुधारली'. गंमत म्हणजे निकाल कळल्यावरही निम्म्याहून जास्त आईबापांना तेच औषध हवं होतं! 2021 मध्ये ऑक्सिटोसिन आणि ब्युमेटॅनाइड ही औषधंही ऑटिझमच्या मोठ्या चाचण्यांत नापास झाली. बोलणं, मिसळणं यांसाठी मंजूर औषध आजही नाही.

रिस्पेरिडोन (2006) आणि ॲरिपिप्राझोल (2009) यांना अमेरिकेत मंजुरी आहे ती चिडचिड, मारणं, स्वतःला इजा करणं यासाठी. आमच्याकडे चावणं कमी झालं, पण भूक भयंकर वाढली. आधी वजन आणि शुगर बघून घ्या.

धागाकर्ती:
धन्यवाद दादा. क्रमांक विचारला, तर "सरांना विचारून कळवतो" म्हणाले. नंतर फोन नाही. सासूबाई अजून घुश्शात आहेत. रिस्पेरिडोनवरच्या मुलांचं खाणं कसं आवरता, ते मात्र कुणीतरी लिहा. आमचा आत्ताच चार पोळ्या खातो.