मदत हवी आहे: पिजिनमध्ये ओमेमो कसं सुरू करायचं?

नमस्कार मंडळी,

माझं एक्सएमपीपी (चॅटिंगची खुली पद्धत) खातं फोनवर कॉन्व्हर्सेशन्स या अ‍ॅपमध्ये व्यवस्थित चालतं. दिवसभर लॅपटॉपवर काम असतं, म्हणून विंडोजवर पिजिन हा चॅटिंगचा प्रोग्राम टाकला. सुरुवातीला लॉगिनच होईना. पत्त्यातला @ नंतरचा भाग 'डोमेन'मध्ये लिहायचा असतो, मी तिथे सर्व्हरच्या मशिनचं नाव लिहिलं होतं. ते 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमधल्या 'कनेक्ट सर्व्हर'मध्ये हलवलं, पोर्ट ५२२२ ठेवला आणि लगेच जोडलं गेलं. कोणी अडकलं असेल तर आधी हे तपासा.

आता खरी अडचण. भावाने मेसेज पाठवला की पिजिनमध्ये त्याच्या मजकुराऐवजी एवढंच दिसतं: ओमेमोने एन्क्रिप्ट केलेला मेसेज आहे, तुमच्या क्लायंटला (म्हणजे चॅट प्रोग्रामला) तो वाचता येत नाही. ओमेमो म्हणजे मेसेज फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता यावा यासाठीचं एन्क्रिप्शन. एन्क्रिप्शन बंद करायला सांगणं मला पटत नाही, आमचं घरचं सगळं बोलणं त्यावरच चालतं.

पिजिनमध्ये ओमेमो चालण्यासाठी लर्च नावाचं प्लगइन (जोड-प्रोग्राम) लागतं असं कळलं. विंडोजवर कोणी ते बसवलंय का? फाइल नेमकी कुठल्या फोल्डरमध्ये टाकायची? की सरळ गाजिम या दुसऱ्या चॅट प्रोग्रामकडे वळू? त्यात ओमेमो आहेच, पण पिजिनमधल्या जुन्या गप्पांच्या नोंदी मला गमवायच्या नाहीत. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर सांगा.