मदत हवी आहे: फॉर्मात 'आग' लिहू का 'स्फोट'?

घायकुती
उद्या दुपारपर्यंत क्लेमचा फॉर्म द्यायचाय, त्यात आग आणि स्फोट असे दोन चौकोन आहेत आणि टिक एकालाच करा म्हणतायत. घरात दोन तट पडलेत. नेमका फरक काय, पटकन सांगा, गुगल करून झालंय.

सदूकाका
कसला क्लेम? गाडी का घर? झालं काय ते तरी लिहा.

तळ्यात_मळ्यात
आम्ही इंडक्शन घेतलं, कटकट संपली.

सदूकाका
अहो, गॅस म्हणालंय कोण अजून?

घायकुती
गॅसच, अजून काय असणार. सासूबाईंनी सकाळी लायटर पेटवला आणि धाडकन! तावदानं खाली पार्किंगमध्ये, किचनचं दार बिजागऱ्यांसकट निघालं. त्यांच्या भुवया जळल्या, हात थोडा भाजलाय, बाकी ठीक आहेत.

निवृत्त_बंबवाला
सिलेंडर फुटला का? वास नाही आला?

घायकुती
सिलेंडर जागच्या जागी. नळी चिरली होती, रात्री रेग्युलेटर बंद करायचा राहिला. सासूबाईंना सर्दी.

नाना_गिरगाव
मग भडका म्हणा. सिलेंडर शाबूत असताना स्फोट कसला? स्फोट म्हणजे डायनामाइट.

निवृत्त_बंबवाला
नाना, कुकर फुटतो त्यात कुठे काय जळतं, तरी स्फोटच ना? मुद्दा दाबाचा आहे. शेगडीवर गॅस बाहेर येतो तसा हवेत मिसळत जळतो, ती आग. इथे तो रात्रभर आधीच हवेत मिसळून बसला, त्यात हवेपेक्षा जड, खाली साचतो. साधारण 2 ते 9 टक्के झाला की ठिणगी पुरते, सगळा एका दमात जळतो, तापलेली हवा फुगते आणि बंद खोलीत जागा नाही म्हणून दारं-खिडक्या घेऊन बाहेर पडते. डायनामाइटची लाट आवाजाच्या वेगाच्या पुढे धावते, इथे तेवढा वेग नसतो, एवढाच काय तो फरक. बाई, पडदे जळाले का?

घायकुती
कडेला जरा काळे झालेत. कॅलेंडर तर जसंच्या तसं.

निवृत्त_बंबवाला
मग स्फोट.

नाना_गिरगाव
अवांतर: 14 एप्रिल 1944, मुंबई गोदी, फोर्ट स्टिकीन जहाज. कापसाच्या गाठी दुपारी धुमसत होत्या, ती आग. त्याच जहाजात दारूगोळा, चारच्या सुमारास उडाला, तो स्फोट. सोन्याच्या विटा कुठच्या कुठे जाऊन पडल्या! अग्निशमन सप्ताह 14 तारखेला सुरू होतो तो त्यामुळेच.

लिंबूटिंबू
काजळीला सोडा आणि व्हिनेगर, मस्त निघते.

घायकुती
काजळी नाहीये हो!!

सदूकाका
पॉलिसी कुठली ते अजून सांगितलंच नाहीत. भारत गृह रक्षा असेल तर आग आणि स्फोट दोन्ही त्यात येतात, टिकवरून डोकं फोडू नका. स्फोटाला टिक करा, खाली घडलं तसं लिहा. गॅस एजन्सीला लेखी कळवा, गॅस कंपन्यांचा वेगळा विमा असतो. आणि ती चिरलेली नळी जपून ठेवा.

घायकुती
नळी आज सकाळी कचऱ्यात टाकली.

सदूकाका
गाडी येऊन गेली का तुमच्याकडची?