कादंबरीवरून कमी पैशात भयपट करतोय. जपानी ‘रिंग’कडून काय घ्यावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही काही मित्र वाईला एका जुन्या मराठी गूढ कादंबरीवर चित्रपट करतोय. लेखकाच्या घरच्यांनी हक्क दिलेत, तेही मोठ्या मनाने. सगळं मिळून २५ लाखांच्या आत बसवायचं आहे. वाडा मिळालाय, मागच्या चौकात आडही आहे. पटकथेच्या दुसऱ्या खर्ड्यावर मात्र गाडी अडली.

कादंबरीच्या शेवटी एक वैद्यबुवा सगळा उलगडा सांगतात: बाई कोण होती, कुणी मारलं, घराला काय लागलं. वाचताना ती पानं खाली ठेववत नाहीत. पडद्यावर तेच म्हणजे म्हातारा बोलतोय आणि दोघं ऐकतायत. दुसरी अडचण भुताची. कम्प्युटरवरच्या व्हीएफएक्सला पैसे नाहीत आणि स्वस्तातलं मला चालणार नाही.

कुणीतरी ‘रिंग’ (१९९८) बघ म्हणालं. बघितला, आणि त्या रात्री टीव्हीकडे पाठ करून झोपवेना. मग कोजी सुझुकींची मूळ कादंबरी इंग्रजीतून वाचली तर दोन्हींत केवढा फरक! ज्यांनी दोन्ही मन लावून पाहिलं-वाचलंय त्यांनी सांगा, त्यांनी काय टाकलं, काय ठेवलं, आणि आमच्या कामाचं त्यात काय आहे?

कटपॉइंट

मी एडिटर आहे, मालिका आणि शॉर्टफिल्म्स करते. हा सिनेमा माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे लांबण लागेल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढचं वाचू नका, सगळं फुटणार आहे.

पैशाचं आधी उरकते. दिग्दर्शक हिदेओ नाकाताच्या या सिनेमाचा खर्च १२ ते १५ लाख डॉलर सांगतात, आणि २००२च्या अमेरिकन रिमेकचा सुमारे ४ कोटी ८० लाख. दोन्ही पाहून मला घाबरवतो तो पहिलाच.

गोष्ट थोडक्यात अशी: एक शापित व्हिडिओ टेप बघणारा सात दिवसांत मरतो, वाचायचं तर ती कॉपी करून दुसऱ्याला दाखवायची; टेपमागे आहे ती मारून विहिरीत टाकलेली सादाको. आता तुमचे वैद्यबुवा. १९९१च्या कादंबरीत उलगडा भरपूर आहे. क्षयरोग्यांचं जुनं सॅनेटोरियम, तिथला देवीच्या रोगाने आजारी डॉक्टर, त्याने सादाकोवर केलेला अत्याचार, तिचा खून, आणि तिच्या संतापात मिसळलेला देवीचा विषाणू. पटकथाकार हिरोशी ताकाहाशींनी यातलं जवळपास सगळं बाहेर काढलं. त्याजागी काय आणलं ते बघा. इझू ओशिमा बेटावर, समुद्राकाठी, नायिका रेकोचा पूर्वीचा नवरा र्‍यूजी सादाकोच्या एका म्हाताऱ्या नातेवाइकाला हात लावतो. तेवढ्यावर आपण भूतकाळात जातो: सादाकोची आई पत्रकारांसमोर अतींद्रिय शक्तीचा प्रयोग करतेय, पत्रकार तिला खोटारडी ठरवतायत, त्यातला एक तिथेच कोसळून मरतो. रेकोही तिथे उभी आहे, आणि लहान सादाको येऊन तिचं मनगट धरते. परत वर्तमानात येतो तेव्हा मनगटावर बोटांचे वळ आहेत. म्हातारा फार काही सांगत नाही, तरी प्रेक्षकाला पुरेसं कळतं, आणि वर पुरावा नायिकेच्या अंगावर राहतो. तुमच्या बुवांना गप्प बसवा आणि त्यांना जे माहीत आहे ते कुणाच्या तरी अंगावर उमटू द्या.

आड आहे म्हणालात म्हणून त्या विहिरीच्या प्रसंगाबद्दल लिहायलाच हवं. मुदत संपत आलीय. र्‍यूजी आत उतरून बादल्या भरतोय, रेको वरून दोरी ओढतेय, पाणी ओततेय, पुन्हा सोडतेय. तिचे हात चालेनासे होतात तरी तो ओरडून कामाला लावतो. मग अदलाबदल, ती आत, तो वर. भूत नाही, आरडाओरडा करणारं संगीत नाही, दोन माणसं पाणी उपसतायत आणि आपला श्वास अडकतो. पोहरा आणि सोल यांना कितीसा खर्च येणार? हा प्रसंग ऐन मध्यरात्री घाईने उरकू नका, त्याला पूर्ण एक रात्र द्या.

भुताबाबत: सादाको झालेल्या रिए इनोला उलटं चालायला लावून शूट केलं आणि फिल्म उलटी फिरवली. पाय पुढे येतात पण वजन चुकीच्या ठिकाणी पडतं, केस चुकीच्या दिशेने हलतात. आपल्या डोळ्याला काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं. तिचा चेहरा शेवटपर्यंत दाखवलेला नाही. बोटांना नखं नाहीत, कारण विहिरीच्या भिंतीवरून चढायचा प्रयत्न करताना ती गेली. शेवटी फक्त एक डोळा. पहिल्या प्रसंगातल्या मुलीचा मृत्यू तर त्याहून साधा: ती वळते, फ्रेम गोठते, चित्र निगेटिव्ह होतं. टीव्हीतून बाहेर येणं सोडलं तर हे सगळं एक नटी आणि एक एडिटिंग टेबल यांत होण्यासारखं आहे. टीव्हीतून येणं कादंबरीत मुळात नाहीच.

आणि ज्या बदलासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघते तो हा. कादंबरीतला पत्रकार पुरुष आहे, बायको-मुलीला वाचवायला तो सासू-सासऱ्यांकडे निघतो. सिनेमात तो रेको झाला, घटस्फोटित आई, मुलगा योइची. र्‍यूजी कादंबरीत मित्र होता, तो इथे तिचा पूर्वीचा नवरा झाला. शेवटी ती गाडी काढते ती स्वतःच्या वडिलांकडे. मुलगा वाचायचा तर टेप कुणाला तरी दाखवावी लागणार, आणि ती बापाला निवडते. सादाकोपेक्षा मला त्या गाडी चालवणाऱ्या बाईची भीती वाटते. तुमच्या कथेत असा निर्णय कोण घेतं ते आधी शोधा, भुताचा मेकअप मागाहून ठरवता येईल.

खर्ज

साउंडवाला आहे, थोडक्यात भर घालतो. केंजी कावाईने संगीत किती राखून वापरलंय ते हेडफोन लावून ऐका. पहिल्या प्रसंगात टीव्ही आपोआप लागतो, बेसबॉलची मॅच चालू, मुलगी तो बंद करते, आणि मग घर जे गप्प होतं त्यात खरी भीती आहे. ती शांतताही कुणीतरी रचलेली असते.

तुमच्या वाड्यात रात्री सगळे गेल्यावर प्रत्येक खोलीचा रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा स्वतःचा आवाज, रेकॉर्ड करून घ्या. रेकॉर्डर दोरीला बांधून आडात सोडा आणि तासभर चालू ठेवा. लायब्ररीतली रेडीमेड विहीर वापरलीत तर ती लगेच ओळखू येते. २५ लाखांत आवाजाचे पैसे आधी बाजूला काढा, शेवटी उरतील त्यात करू असं म्हणू नका.

दिवाभीत

कटपॉइंट ताई, तुमचं शेवटचं म्हणणं पटलं, पण विषाणूवर तुम्ही अन्याय केलात. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. माणसाने संपवलेला रोग एका चिडलेल्या बाईच्या मनात शिरून कॅसेटमधून परत पसरू बघतो, ही कल्पना केवढी मोठी आहे! सिनेमात टेप कॉपी का करायची याला कारणच उरलं नाही. कादंबरीत आहे: जे जिवंत आहे त्याला वाढायचं असतं.

शिवाय आईच्या प्रयोगामागे खरा इतिहास आहे. टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातल्या तोमोकिची फुकुराईंनी १९१०च्या सुमारास चिझुको मिफुने नावाच्या बाईवर असेच प्रयोग केले, फसवणुकीचे आरोप झाले आणि १९११ मध्ये तिने विष घेतलं. हे कळल्यावर तो पत्रकारांचा प्रसंग मला बघवत नाही. कृष्णाकाठ, वैद्यबुवांची पानं कापा, पण ते जे सांगतात त्यातला जीव कापू नका.

कटपॉइंट

दिवाभीत, फुकुराईंचं लिहिलंत ते फार बरं झालं. विषाणूबद्दल माझं मत कायम आहे. कारण कळलं की प्रेक्षक सुटतो, आणि नाकाताने त्याला सुटू दिलेलं नाही. वाचक पान मिटून विचार करू शकतो, थिएटरातल्या माणसाला ती उसंत नसते.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून बुवांचा प्रसंग दीड पानावर आणला. आता ते फक्त आडाचा कठडा दाखवतात आणि सुनेला म्हणतात, “हात लावू नकोस.” ती लावते. आमच्याकडे निर्णय तिचाच असणार, नवरा की दीर, हेही ठरलं.

एक शंका. आमची बाई नऊवारीत आहे. उलटं चालणं त्यात जमेल का?

कटपॉइंट

जमेल. कासोटा घट्ट असल्याने पाय मोकळे राहतील. पदर मात्र खोचू नका, उलटं फिरवल्यावर तो तिच्या आधी पुढे येईल आणि तेच हवंय. केस मोकळे, तेल न लावता. आजूबाजूला उडणारं पान, धूर, चुलीची ज्योत यातलं काही फ्रेममध्ये नको, युक्ती लगेच उघडी पडते. आधी मोबाईलवर चौकातच टेस्ट घ्या आणि इथे टाका, मी कापून दाखवते.