साताऱ्यात पहिलीच जागा घेतोय, सामाईक उताऱ्यातले 2 गुंठे घ्यावेत का? जाणत्यांची मदत हवी

नमस्कार मंडळी,

वय 34, साताऱ्यातच एमआयडीसीत नोकरी. वडील (नाना) जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले. त्यांच्या फंडातले 10 आणि माझे साठवलेले 4, असे 14 लाख हाताशी आहेत. ते एफडीत पडून आहेत हे नानांना बघवत नाही. "जमीन कुठं पळून जात न्हाई" हे त्यांचं पालुपद.

एका एजंटने वाढे फाट्याच्या पुढे आतल्या बाजूला प्लॉटिंग दाखवलं. मुरूम टाकलेला 20 फुटी रस्ता, चुन्याने मारलेले नंबर, तोंडाशी कमान. 2 गुंठे, गुंठ्याला सहा लाख. गट 41 गुंठ्यांचा, जिरायत, एनए (बिगरशेती) नाही. तुकडेबंदीमुळे जिरायतीत 20 गुंठ्यांखाली खरेदी होत नाही, म्हणून दहा-दहा जण गोळा करून एकच खरेदीखत करायचं, म्हणजे सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर (सामाईक उतारा), अशी त्याची पद्धत. पहिले दहा झाले, आता दुसऱ्या दहांत नववा मी.

रात्री झोप येईना म्हणून हिशोब करत बसलो. 41 पैकी 40 गुंठे विकले, तर रस्त्याला राहिला 1 गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट. 20 फुटी रस्ता त्यात जेमतेम 54 फूट लांब होतो. प्रत्यक्षात तो दोनशे फूट तरी आत गेलाय! मग उरलेला रस्ता कुणाच्या गुंठ्यातून काढलाय? एजंटला विचारलं तर म्हणे, "साहेब, तुम्ही लई खोलात जाताय. एनए झालं की सगळ्यांचे उतारे वेगळे निघत्यात, मी हाय की."

त्याने सातबाऱ्याचा फक्त फोटो पाठवला होता, तोही अर्धा. मी 15 रुपये भरून डिजिटल सहीचा स्वतः काढला. इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा (कर्जाची नोंद) तसाच आहे.

आता माझे प्रश्न. आम्ही खातेदार शेतकरी आहोत, त्यामुळे शेतजमीन घ्यायला अडचण नाही. पण सामाईक उताऱ्यातून पुढे स्वतंत्र उतारा खरंच कुणाचा झालाय का? एका सहहिस्सेदाराने सही अडवली तर काय केलंत? महारेराचा (बांधकाम-प्लॉटिंगवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी नंबर मागितला तर "शेतजमिनीला लागत न्हाई" म्हणतो. 500 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटिंगला नोंदणी लागते असं मी वाचलंय, आणि हा गट त्याच्या आठपट आहे. तो असंही सांगतो की तुकडेबंदी आता उठलीच. माझ्या वाचनाप्रमाणे 2025 ची सवलत आधी पडलेल्या तुकड्यांसाठी आहे, नव्याने पाडायला नव्हे. चुकत असेन तर सांगा.

दुसरा पर्याय गोडोलीतला जुना वन-बीएचके, 21 लाख, वरचे कर्ज काढून. भाडं महिना 7 हजार, म्हणजे वर्षाला 84 हजार, जेमतेम चार टक्के पडतात. वर इमारतीचं कन्व्हेयन्स (जागेची मालकी सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नाही. नानांना तर तो "हवेतला पैसा" वाटतो. माझा कल तरीही तिकडेच झुकतोय, निदान कुलूप लावायला दार तरी आहे.

सातारा-कोरेगाव पट्ट्यात चार-पाच व्यवहार केलेलं कुणी इथे असेल, तर एकदा जागेवर येऊन कागद बघाल का? गाडी-पेट्रोल माझं, जेवण माझं, वेळेचे पैसेही देईन. तुमचा एखादा व्यवहार चालू असेल तर तलाठी, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक यांच्याकडचे हेलपाटे मी घालतो, बदल्यात शिकवा. जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल करून देणारे साताऱ्यातले वकील साधारण किती घेतात, तेही सांगा. एजंटने सुचवलेल्या वकिलाकडे जायचं नाही, एवढं ठरवलंय.

रविवारी सकाळी दहाला एजंट घरी येतोय, 51 हजार इसार न्यायला. नानांनी चेकबुक काढून देव्हाऱ्यापाशी ठेवलंय. त्याआधी कुणीतरी लिहा.