शेतपंपाच्या नियंत्रकासाठी पेटी कशाची करावी : पत्रा, पॉलिकार्बोनेट की थ्रीडी प्रिंट?

प्रश्न : करवीरकर

नमस्कार. नदीकाठच्या उपसा पंपांसाठी, मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारा आणि तिन्ही फेजचा करंट पाहणारा एक छोटा नियंत्रक मी तयार केला आहे. ईएसपी३२ (नियंत्रणाची चिप), फोरजी मॉड्यूल, दोन रिले (विजेवर चालणारे स्विच), एक एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) आणि लहान डिस्प्ले एवढेच साहित्य त्यात असून सगळे मिळून साधारण ४ वॅट उष्णता निघते. पेटीचे माप २०० × १५० × १०० मिमी धरले आहे. पहिली खेप पंचवीस नगांची असेल. त्यांतले काही करवीरच्या ऊसपट्ट्यात उघड्यावर बसतील, तर काही गगनबावड्याच्या बाजूला, जिथे पावसाळ्यात सलग कित्येक दिवस ऊन दिसत नाही.

टेबलावरचा नमुना पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेल्या पेटीत आहे. आता कोल्हापूरच्या उद्यमनगरातून पत्र्याची पेटी करून घ्यावी, तयार पॉलिकार्बोनेटची पेटी आणून तिला हवी तशी भोके पाडावीत, की चांगल्या प्लास्टिकमध्ये प्रिंटच करत राहावे, हे ठरत नाही. एवढ्या नगांसाठी इंजेक्शन मोल्डिंगचा साचा परवडणार नाही, हे उघड आहे. निवड नेमकी कशाच्या आधारे करावी?

उत्तर : पत्राकाम

मी पत्र्याच्या कामातला असल्याने त्या बाजूने सांगतो. कोल्हापुरात लेझर कटिंग, बेंडिंग आणि पावडर कोटिंग एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होते, त्यामुळे पंचवीस नगांचे काम कोणी नाकारणार नाही. १.२ मिमी सीआरसीए (थंड लाटलेला पोलादी) पत्रा आपल्या मापाला पुरेसा आहे. अ‍ॅल्युमिनियम घ्यायचे असेल तर ५०५२ हा मिश्रधातू घ्यावा. ६०६१-टी६ लहान त्रिज्येत वाकवताना बेंडच्या बाहेरच्या बाजूस तडकते.

ड्रॉइंग देताना तीन गोष्टी पाहाव्यात. १.२ मिमी पत्र्यात वाकवलेली कड ८ मिमीपेक्षा कमी ठेवू नये, कारण तिला वाकवण्याच्या साच्यावर (डायवर) धड आधार मिळत नाही. भोक बेंडच्या रेषेपासून निदान पत्र्याच्या जाडीच्या तिप्पट दूर असावे, नाहीतर ते लंबगोल होते. आणि पावडर कोटिंगचा थर प्रत्येक पृष्ठभागावर ६० ते ८० मायक्रॉन चढतो, हे धरून झाकण व पेटी यांत जागा सोडावी. अर्थिंगचा बोल्ट जिथे बसेल ती जागा कोटिंगपूर्वी झाकून घ्यायला आवर्जून सांगावे. रंगावर घट्ट केलेला अर्थिंगचा बोल्ट दिसायला ठीक असतो, पण त्यावर माणसाचा जीव सोपवता येत नाही.

उत्तर : पन्हाळा_रेडिओ

वरील माहिती मोलाची आहे, तरीही या उपकरणासाठी मी पत्र्याची शिफारस करणार नाही. बंद धातूच्या पेटीत फोरजीची अँटेना ठेवली तर सिग्नल जवळजवळ संपतो. बाहेरची अँटेना लावता येते, परंतु मग तिच्या (एसएमए) जोडणीचे आणखी एक भोक, आणखी एक सील आणि शेतात कोणाचाही हात लागेल असा एक भाग वाढतो. गगनबावड्याच्या डोंगराळ भागात सिग्नल मुळातच क्षीण असेल, तर तिथे बाहेरची अँटेना लागेलच. पण ती ठरावीक नगांपुरती असावी.

धातू उष्णता बाहेर टाकतो म्हणून तो घ्यावा, असे वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून हिशेब करून पाहू. आपल्या पेटीचा एकूण पृष्ठभाग ०.१३ चौरस मीटर होतो. रंगवलेल्या पत्र्यासाठी दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे ५.५ वॅट आणि प्लास्टिकसाठी सुमारे ३.५ वॅट उष्णता बाहेर जाते, असे धरतात. म्हणजे ४ वॅटने पत्र्याच्या पेटीत साधारण ६ अंश आणि प्लास्टिकच्या पेटीत ९ अंश वाढ होईल. हा ३ अंशांचा फरक थेट उन्हापुढे किरकोळ आहे. त्यामुळे पैसे सावलीवर खर्च करावेत : पेटीवर थोडे अंतर सोडून पत्र्याची टोपी बसवावी आणि पेटी फिकट राखाडी घ्यावी. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांमागे साधारण निम्मे होते, तेव्हा ही टोपी शोभेची नाही.

प्रिंटचे म्हणाल, तर पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, उन्हातल्या पेटीला ते चालणार नाही. एएसए हे प्लास्टिक ऊन सोसते, पण थरांमधून पाणी झिरपते, त्यामुळे पेटीच प्रिंट करण्याऐवजी पेटीतली पीसीबी (सर्किटचा बोर्ड) धरणारी चौकट प्रिंट करावी आणि तिला एम३ (३ मिमी) स्क्रूसाठी आटे असलेले पितळी इन्सर्ट बसवावेत. पॉलिकार्बोनेटच्या पेटीजवळ स्क्रूवर लावायचे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) मात्र मुळीच वापरू नये. त्याने प्लास्टिकला बारीक तडे जातात.

उत्तर : राधानगरी_पाऊस

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडे पेट्या पावसाच्या माऱ्याने कमी आणि आत साठलेल्या दमटपणाने जास्त खराब होतात. आयपी६५ म्हणजे पेटी धुळीपासून पूर्ण आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून सुरक्षित. पण ती हवाबंद राहीलच, असे त्यातून निघत नाही. दुपारी तापलेल्या पेटीवर अचानक सर आली, की आतली हवा आकुंचन पावते, दाब उतरतो आणि ग्लँडच्या (केबल आत घेण्याच्या सीलबंद जोडणीच्या) फटीतून, कधी केबलमधल्या बारीक तारांमधूनसुद्धा, पाणी आत ओढले जाते. ते परत बाहेर पडत नाही. रात्री पेटी थंड झाली की तेच पीसीबीवर दव होऊन बसते. सील जितके घट्ट करत जावे, तितका हा दाबाचा फरक वाढतो.

यावर खरा उपाय म्हणजे हवा जाऊ देणारा आणि पाणी अडवणारा पडद्याचा व्हेंट, तोही पेटीच्या खालच्या अंगाला. सर्व ग्लँड खालून घ्यावेत, प्रत्येक ग्लँडमध्ये एकच गोल केबल असावी आणि केबल पेटीत शिरण्यापूर्वी खाली झोल देऊन वर वळवावी. पीसीबीवर कन्फॉर्मल कोटिंग (दमटपणा अडवणारा पातळ थर) करावे, मात्र रिले, कनेक्टर आणि सिमचा खाच झाकून. सिलिकॉन लावायचेच असेल, तर आंबट वास येणारे घेऊ नये; त्यातून सुटणारे अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड तांब्याला गंजवते. न्यूट्रल प्रकारचे मागून घ्यावे.

प्रश्नकर्ता : करवीरकर

सर्वांचे मनापासून आभार. तयार पॉलिकार्बोनेट पेटी, आत प्रिंट केलेली चौकट आणि वर पत्र्याची टोपी, असे ठरवतो. पारदर्शक झाकणाची पेटी घेतली, तर डिस्प्लेसाठी वेगळी खिडकी कापावी लागणार नाही. एकच शंका राहते. बहुतेक स्टार्टरजवळ (मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीजवळ) न्यूट्रलची तार नाही. मग नियंत्रकाला वीज देण्यासाठी दोन फेज थेट या पेटीत आणाव्या का?

उत्तर : पत्राकाम

आणू नयेत. दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात आणि ८५ ते २६५ व्होल्टचा सर्वसाधारण एसएमपीएस त्यावर टिकणार नाही. फ्यूज आणि ४१५ व्होल्टला चालणारा ट्रान्सफॉर्मर अर्थिंग केलेल्या स्टार्टरच्या पेटीतच बसवून, रेक्टिफायरनंतरचे (डीसी झालेले) १२ व्होल्टच बाहेर आणावेत. रिलेही तिथेच ठेवावेत, म्हणजे स्टार्टरच्या कॉइलची तार ४१५ व्होल्टसह प्लास्टिकच्या पेटीत यायला नको. करंट मोजणाऱ्या सीटीचा (करंट ट्रान्सफॉर्मरचा) बर्डन रेझिस्टर, म्हणजे त्याच्या टोकांमध्ये जोडायचा रोध, मात्र सीटीच्याच बाजूला, स्टार्टरच्या पेटीत जोडावा. तो पीसीबीवर असेल आणि मोटार चालू असताना कोणी मधली केबल काढली, तर उघड्या सीटीच्या टोकांवर धोकादायक व्होल्टेज येऊ शकते.